ग्रॅनडाचा होम्स पाहायचा तर नजर वॉटसनवर ठेवा

तुमचा प्रश्न थोडक्यात असा: लहानपणी मराठी अनुवादांतून शेरलॉक होम्स वाचला, पुढे आजच्या लंडनमध्ये घडणारी बीबीसीची मालिका आवडीने पाहिली. मग कुणीतरी आग्रह केला म्हणून ग्रॅनडाची जुनी मालिका लावली. पहिलाच भाग पाहिला तो ‘द हाउंड ऑफ द बास्करव्हिल्स’, आणि तो संथ वाटला. लोक या मालिकेला एवढं का मानतात, आणि पाहायचीच तर सुरुवात कुठून करावी?

कथांवरून पटकथा लिहिणं हे माझं कित्येक वर्षांचं काम आहे आणि ते मी शिकवतेही. शिकवताना या मालिकेइतकी उपयोगी पडणारी दुसरी गोष्ट मला मिळालेली नाही, म्हणून जरा सविस्तर लिहिते.

आधी तुमच्या तक्रारीबद्दल. तुम्ही नेमका तो भाग आधी लावलात, जो या मालिकेच्या चाहत्यांनाही फारसा पटत नाही. कादंबरी उत्तम, कलाकार उत्तम, पण १९८८ च्या त्या चित्रपटात भीतीच नाही. त्यावरून मालिकेबद्दल मत बनवू नका. त्याची कारणं पुढे येतीलच, कारण ती मालिकेच्या बळाशीच जोडलेली आहेत.

मँचेस्टरच्या ग्रॅनडा टेलिव्हिजनने आयटीव्ही या ब्रिटिश खासगी वाहिनीसाठी ही मालिका केली. पहिला भाग २४ एप्रिल १९८४ रोजी दाखवला गेला, शेवटचा ११ एप्रिल १९९४ रोजी. दहा वर्षांत एकूण ४१ भाग झाले. त्यातले ३६ तासाभराच्या वेळेत बसणारे आणि ५ चित्रपटाच्या लांबीचे. होम्स सगळीकडे एकच, जेरेमी ब्रेट. वॉटसन दोन झाले. पहिल्या १३ भागांत डेव्हिड बर्क, नंतर शेवटपर्यंत एडवर्ड हार्डविक. मूळ कल्पना निर्माते मायकेल कॉक्स यांची आणि पटकथांची घडी बसवली जॉन हॉक्सवर्थ यांनी.

“मूळ कथांशी प्रामाणिक” हे या मालिकेबद्दल नेहमी ऐकू येणारं कौतुक. ते खरंच आहे. कथांमधून होम्स आणि वॉटसन यांच्या सवयी, कपडे, खोलीतल्या वस्तू, बोलण्याच्या लकबी वेचून ‘बेकर स्ट्रीट फाइल’ नावाचं टिपण तयार केलं होतं आणि सगळे जण ते हाताशी ठेवून काम करत. ग्रॅनडाच्या आवारात बेकर स्ट्रीटचा अख्खा रस्ता उभारला होता. ‘स्ट्रँड’ मासिकात कथा पहिल्यांदा छापल्या गेल्या तेव्हा सिडनी पॅजेट यांनी काढलेली चित्रं समोर ठेवून कित्येक दृश्यांची मांडणी केली आहे. कोण कुठे उभा, कुणाचा हात कुठे, हेसुद्धा त्यावरून. ती शिकारीची दुहेरी टोपी हा होम्स फक्त खेडेगावी जाताना घालतो, लंडनमध्ये घालत नाही. शहरात त्या काळचा सद्गृहस्थ तसली टोपी घालून फिरलाच नसता.

पण प्रामाणिकपणा एवढ्याने येत नाही. असे तपशील पैसा आणि चिकाटी असली की कुणालाही जमवता येतात, आणि ते जमवूनही निर्जीव राहिलेल्या मालिका मी पुष्कळ पाहिल्या आहेत. या मालिकेने खरा प्रश्न वेगळ्या ठिकाणी सोडवला, आणि तो आहे डॉ. वॉटसनचा.

होम्सच्या बहुतेक सगळ्या कथा वॉटसन सांगतो. ६० पैकी फारच थोड्या कथांना दुसरा निवेदक आहे. आपल्याला होम्स दिसतो तो वॉटसनला दिसतो तसाच, बाहेरून. होम्स जमिनीवर पालथा पडून भिंग घेऊन काहीतरी शोधतोय, एकदम हसतोय, तासभर गप्प बसतोय. त्याच्या डोक्यात काय चाललंय ते वॉटसनला कळत नाही, म्हणून आपल्यालाही कळत नाही. रहस्य टिकतं ते या एका सोयीमुळे. वॉटसन सगळं बघतो आणि इमानदारीने लिहितो, फक्त त्याचा अर्थ त्याला शेवटी कळतो. वाचकाची फसवणूक होत नाही आणि रहस्यही फुटत नाही.

पडद्यावर मात्र निवेदकच उरत नाही. कॅमेरा सगळं बघतो. होम्सच्या मनात शिरलात तर रहस्य संपलं. मुद्दाम काही लपवलंत तर प्रेक्षकाला लबाडी वाटते. आणि वॉटसनला करायला काही उरत नाही, कारण त्याचं मुख्य काम म्हणजे सांगणं, तेच आपण काढून घेतलेलं असतं. १९३९ ते १९४६ या काळात होम्स झालेल्या बॅसिल रॅथबोन यांच्या १४ चित्रपटांत नायजेल ब्रूस यांनी वॉटसनला गोंधळलेला, विनोदी म्हातारा करून टाकलं ते याच अडचणीतून. काम नसलेल्या पात्राला विनोद द्यायचा, हा पटकथालेखकांचा नेहमीचा सोपा उपाय. त्याने एक पिढी हसली, पण होम्सची फार मोठी हानी झाली. इतका तल्लख माणूस एका बावळटाबरोबर आयुष्य का काढतो, याला उत्तर उरेना.

तुम्ही पाहिलेल्या बीबीसीच्या मालिकेने दुसरी वाट धरली. ती सरळ होम्सच्या डोक्यात शिरली, त्याला दिसणाऱ्या खुणा अक्षरांत पडद्यावर लिहिल्या. तीही वाट खरी आहे आणि तिचा वेग त्यातूनच येतो. ग्रॅनडाने उलट केलं. कॅमेरा वॉटसनच्या बाजूला ठेवला आणि वॉटसनच्या जागी एक हुशार, अनुभवी, युद्ध पाहिलेला डॉक्टर बसवला. म्हणजे होम्सकडे बघणारी नजरच चांगल्या माणसाची केली. तुम्हाला जो संथपणा वाटला, त्यातला बराचसा भाग हा बघण्याचा वेळ आहे. होम्स काहीतरी करतो, वॉटसन बघतो, आपण दोघांकडे बघतो.

याचा उत्तम नमुना म्हणजे ‘द ब्लू कार्बंकल’मधला टोपीचा प्रसंग. नाताळच्या दिवसांत एक जुनी, मळकी टोपी होम्सकडे आलेली असते. तो ती वॉटसनच्या हातात देतो आणि विचारतो, काय दिसतं? वॉटसन टोपी उलटसुलट करतो, आतलं बघतो, आणि शेवटी म्हणतो की मला काही दिसत नाही. होम्स म्हणतो, तुला सगळं दिसतंय, पण दिसतंय त्यावरून तू अनुमान काढत नाहीस. मग एकेक करत मालकाची बुद्धी, घसरलेली परिस्थिती, बायकोचं उडालेलं मन. कागदावर हा प्रसंग हुशारीचा खेळ आहे. पडद्यावर तो मैत्रीचा होतो, आणि ते काम बर्क यांचं. त्यांचा वॉटसन हरल्याचा चेहरा करत नाही. त्याला मजा येते. मित्र काहीतरी अफलातून करणार आहे हे माहीत असलेल्या माणसाच्या डोळ्यांत जी उत्सुकता असते, ती तिथे आहे, शिवाय “आता हे सिद्ध कर बघू” असं आव्हानही आहे. ब्रेट यांचा होम्स त्या आव्हानामुळेच खुलतो. एकटा असता तर त्याने टोपी कोपऱ्यात टाकली असती.

याच भागाच्या शेवटी रत्न चोरणारा रायडर होम्सच्या खोलीत कोसळतो, गयावया करतो, आणि होम्स संतापाने त्याला दार दाखवतो. पोलिसांच्या उणिवा भरून काढायला मला नेमलेलं नाही, असं तो म्हणतो. चोराला सोडून देणं हा मोठा निर्णय आहे. कथेत तो वाचून आपण पुढे जातो. इथे होम्स हे वॉटसनला सांगत असतो, आणि वॉटसनला हे पटतंय का, याची त्याला काळजी आहे हे ब्रेट यांच्या आवाजात ऐकू येतं. शिवाय मूळ कथेत तुरुंगात खितपत पडलेला निरपराध हॉर्नर जवळजवळ फक्त नावापुरता आहे. मालिकेने त्याला आणि त्याच्या घरच्यांना पडद्यावर जागा दिली आहे. कथेतलं हे जुनं भोक इतक्या नेटकेपणाने बुजवलेलं पाहून मला प्रत्येक वेळी आनंद होतो.

इथेच दुसरी गोष्ट सांगायला हवी: ही मालिका बदल करते, आणि पुष्कळ करते. “कॉमा-पूर्णविरामासकट तीच कथा” हा समज चुकीचा आहे. सर्वांत मोठा बदल तर कित्येकांच्या लक्षातच येत नाही. ग्रॅनडाचा वॉटसन लग्न करत नाही. मूळ कथांत ‘द साइन ऑफ फोर’च्या शेवटी त्याचं मेरी मॉर्स्टनशी लग्न ठरतं, आणि त्यानंतर मूळ लेखक आर्थर कॉनन डॉयल यांची सतत कसरत चालते. वॉटसन कधी स्वतःच्या घरी, कधी बायको माहेरी गेलेली, कधी सहज बेकर स्ट्रीटवर डोकावलेला. मासिकात महिन्या-महिन्याने येणाऱ्या कथेला हे चालून गेलं. मालिकेत दर भागाची पहिली पाच मिनिटं त्यात गेली असती. लग्न काढून टाकल्यावर दोघंही एका घरात राहिले, न्याहारी एकत्र, भांडण एकत्र, आणि मालिकेचं घर पक्कं झालं. मेरी मात्र १९८७ च्या ‘द साइन ऑफ फोर’ या चित्रपटात येते आणि निघून जाते. कथेची एक महत्त्वाची गाठ सोडून त्यांनी तिचा गाभा वाचवला.

दुसरा बदल ‘द रेड-हेडेड लीग’मध्ये. लाल केसांच्या माणसाला विश्वकोश उतरवून काढायची गमतीदार नोकरी, आणि तिच्याआड बँकेवरचा दरोडा. मूळ कथेत याचा सूत्रधार जॉन क्ले. मालिकेत क्लेच्या मागे प्रोफेसर मॉरिआर्टी उभा आहे. का? कारण लगेच पुढचा भाग ‘द फायनल प्रॉब्लेम’ आहे. डॉयल यांना १८९३ मध्ये होम्सला संपवायचं होतं म्हणून त्यांनी मॉरिआर्टी निर्माण केला, पण त्याच एका कथेत तो आला आणि त्याच कथेत गेला. “लंडनमधल्या अर्ध्या गुन्ह्यांमागे हाच” हे आपण फक्त होम्सच्या तोंडून ऐकतो. हॉक्सवर्थ यांनी आधीच्या भागात त्याचा एक डाव होम्सकडून उधळून लावला. आता पुढच्या भागात मॉरिआर्टी बेकर स्ट्रीटवर येतो तेव्हा त्याच्या रागाला कारण आहे. एरिक पोर्टर यांचा मॉरिआर्टी फार हळू बोलतो, मान किंचित हलवत, आणि त्या भेटीत खोलीतली हवा बदलते.

या भागाचा शेवट स्वित्झर्लंडमध्ये, प्रत्यक्ष रायखेनबाख धबधब्यावर चित्रित केला आहे. खोट्या निरोपामुळे वॉटसन खाली हॉटेलकडे धावत जातो, फसवणूक लक्षात येते, तो परत वर येतो. होम्सची काठी तिथे टेकवलेली, चांदीच्या सिगारेट-केसखाली चिठ्ठी. बर्क तिथे उभे राहून ती वाचतात. हा बर्क यांचा शेवटचा भाग. पुढे ते रॉयल शेक्सपिअर कंपनीत गेले. पत्नी तिथे काम करत होती, मुलगा लहान होता.

आता पटकथेच्या दृष्टीने याहून अवघड प्रसंग असू शकत नाही. मित्र मेला असं समजून रडलेला वॉटसन एका नटाने केला. तीन वर्षांनी होम्स परत आल्यावर त्याला पाहून मूर्च्छा येणारा वॉटसन दुसऱ्याच नटाने करायचा. ‘द एम्प्टी हाउस’ १९८६ मध्ये आला तेव्हा एडवर्ड हार्डविक यांच्यापुढे हे काम होतं. त्यांनी बर्क यांची नक्कल केली नाही. त्यांचा वॉटसन वयाने थोडा जास्त, शांत, दुःख पचवलेला आहे. मधल्या काळात हा माणूस एकटा जगला, रोगी तपासत राहिला, हे चेहऱ्यावरच दिसतं. त्यामुळे नट बदलला हे मनात येण्याआधी माणूस बदलला असं वाटतं, आणि ते कथेला धरूनच आहे.

हार्डविक यांनी सर्वांत आधी चित्रित केलेला भाग मात्र ‘द अ‍ॅबी ग्रेंज’. त्याचा शेवट मी विद्यार्थ्यांना पुन्हा पुन्हा दाखवते. एका क्रूर नवऱ्याचा खून झालाय. मारणारा कॅप्टन क्रोकर होम्सच्या खोलीत उभा आहे, त्याने खरं सांगितलंय. होम्स ठरवतो की इथेच न्यायालय भरवायचं. क्रोकर आरोपी, आपण न्यायाधीश, आणि वॉटसन म्हणजे ब्रिटिश ज्युरी, या कामाला याच्याइतका लायक माणूस मला माहीत नाही. मग तो वॉटसनला विचारतो, दोषी की निर्दोष? हा प्रश्न ऐकून हार्डविक लगेच उत्तर देत नाहीत. थोडा वेळ ते क्रोकरकडे बघतात. निर्णयाचं ओझं त्यांच्या खांद्यांवर येताना दिसतं. आणि मग “निर्दोष”. इथे सगळं उघड होतं. होम्सला पुरावा कळतो, माणूस वॉटसनला कळतो. कायदा ओलांडण्याचा अधिकार होम्स स्वतःकडे घेत नाही, मित्राच्या सदसद्विवेकाकडून मागून घेतो. बावळट वॉटसन असता तर हा प्रसंग हास्यास्पद झाला असता.

ब्रेट यांच्याबद्दल लिहायला हवंच, कारण पहिल्या दोन-तीन भागांत त्यांचा अभिनय कुणाला भडक वाटू शकतो. अचानक कर्कश हसणं, सोफ्यावरून उडी, हवेत कापल्यासारखा हात, वाक्याच्या मध्येच कुजबुज. ते रंगभूमीवरचे नट होते, १९६४ च्या ‘माय फेअर लेडी’त फ्रेडी त्यांनीच केला होता, आणि १९८० मध्ये लॉस एंजेलिसच्या रंगमंचावर ते चक्क वॉटसन झाले होते, होम्स होते चार्लटन हेस्टन. मला वाटतं, वॉटसनच्या जागेवरून होम्सकडे आधी पाहिल्याचा त्यांना फायदा झाला. ज्याला लोक भडक म्हणतात ते मूळ कथांत आहे. तो होम्स यंत्र नाही. आळसात दिवस घालवतो, कोकेन घेतो, प्रकरण आलं की अंगात वीज खेळते. ब्रेट यांनी दोन्ही टोकं दाखवली. पहिल्याच भागात, ‘अ स्कँडल इन बोहेमिया’त, वॉटसन घरी येतो आणि मॉर्फिन की कोकेन असं चिडून विचारतो. हा संवाद मूळचा ‘द साइन ऑफ फोर’चा. तो उचलून मालिकेच्या दारातच ठेवला, म्हणजे पहिल्या काही मिनिटांत आपल्याला कळतं की हा माणूस स्वतःला धोका आहे आणि त्याच्यावर लक्ष ठेवणारं कोणीतरी आहे.

त्या धाग्याचं दुसरं टोक १९८८ च्या ‘द डेव्हिल्स फूट’मध्ये सापडतं. होम्स विश्रांतीसाठी कॉर्नवॉलच्या किनाऱ्यावर आलाय, तब्येत ढासळलेली. एके ठिकाणी तो आपली सिरिंज वाळूत पुरून टाकतो. हे डॉयल यांनी लिहिलेलं नाही. पण मालिका लहान-थोर सगळेच पाहत होते, आणि नायकाने व्यसन सोडताना दिसावं असं ब्रेट यांना मनापासून वाटत होतं. पुढे एका विषारी मुळीच्या धुराचा प्रयोग दोघं स्वतःवरच करतात. इथे एक महत्त्वाची उलटापालट आहे. कथेत धुराने दिसणारे भास वॉटसनच्या मनातले आहेत, कारण सांगणारा तो. मालिकेत आपण होम्सचे भास बघतो. दहा वर्षांत क्वचितच कॅमेरा होम्सच्या डोक्यात शिरला असेल, आणि तिथे भीतीशिवाय काही नाही. वॉटसन त्याला ओढून बाहेर मोकळ्या हवेत आणतो, आणि शुद्धीवर येता येता होम्स ओरडतो, “जॉन!”

व्हिक्टोरियन पुरुष वर्षानुवर्षांच्या मित्रालाही आडनावाने हाक मारत. कथांत होम्स वॉटसनला कधीच पहिल्या नावाने बोलावत नाही. म्हणून ती एक हाक अंगावर येते. मूळ मजकुरात नसलेला हा शब्द मला सगळ्या मालिकेतला सर्वांत प्रामाणिक शब्द वाटतो. डॉयल यांनी त्या जागी लिहिलेलं होम्सचं माफी मागणारं, थरथरत्या आवाजातलं वाक्य त्यामुळे खरं होतं.

आता भारताचा संबंध, कारण आपण हे पाहताना तो डोळ्यांआड करता येत नाही. ‘द स्पेकल्ड बँड’मध्ये भारतातून आणलेला साप आहे, बशीतल्या दुधावर पाळलेला. साप दूध पिऊन जगत नाही हे आपल्याकडे दर नागपंचमीला सर्पमित्र कानीकपाळी ओरडून सांगतात. तरीही तो भाग सोडू नका. अंधाऱ्या खोलीत होम्स आणि वॉटसन दिवा न लावता बसून राहतात ती रात्र बघा. संवाद नाही, संगीत जवळपास नाही, आणि दोन माणसांचे श्वास. जेरेमी केम्प यांचा डॉ. रॉयलट सळई वाकवून दाखवतो तेव्हा शरीराचा धाक म्हणजे काय ते कळतं. ‘द साइन ऑफ फोर’ची गोष्ट याहून अवघड. १८५७ च्या धामधुमीत आग्र्याच्या किल्ल्यातून पळवलेला खजिना आणि टोंगा नावाचा अंदमानी माणूस. त्याला कादंबरीत रानटी श्वापदासारखं रंगवलंय आणि मालिकेने ते दुरुस्त केलेलं नाही. बाकी इतक्या ठिकाणी विचारपूर्वक बदल करणाऱ्यांनी इथे हात का राखला, याचं मला वाईट वाटतं. पण त्याच चित्रपटात जॉन थॉ यांनी जोनाथन स्मॉलची कबुली ज्या थकलेल्या आवाजात दिली आहे, तिच्यामुळे लुटारूपेक्षा साम्राज्याच्या कामात वापरून फेकलेला सामान्य शिपाई समोर येतो.

मोठ्या भागांच्या कमकुवतपणाचं कारणही सांगते. डॉयल यांची लघुकथा आणि तासाभराचा भाग यांचं माप एकमेकांना अंगाला बेतलेल्या कपड्यासारखं बसतं. जाहिराती वजा जाता पन्नासेक मिनिटं. एक अशील, एक कोडं, एक प्रवास, एक उलगडा. ओढाताण नाही, भरतीही नाही. ‘हाउंड’मध्ये तर होम्स कादंबरीच्या मोठ्या भागात गायब असतो आणि वॉटसन पत्रं लिहीत असतो; पानावर ते रंगतं, पण पडद्यावर वॉटसनला बघायला होम्सच नाही. मालिकेचं इंजिनच बंद. १९९३ चे दोन मोठे चित्रपट, ‘द लास्ट व्हँपायर’ आणि ‘द एलिजिबल बॅचलर’, लहान कथा ताणून केलेले आहेत. दुसऱ्यात तर होम्सला स्वप्नं पडतात आणि ती खरी ठरतात. तर्कावर जगणाऱ्या माणसाच्या हातात भविष्यसूचक स्वप्नं देणं हा मला अक्षम्य बदल वाटतो. ‘ब्लू कार्बंकल’ किंवा ‘रेड-हेडेड लीग’मधले बदल कथेतली गरज ओळखून केलेले होते; हा बदल मिनिटं भरायला केलेला आहे. ताणलेल्या लहान कथांत अपवाद एकच, १९९२ चा ‘द मास्टर ब्लॅकमेलर’. रॉबर्ट हार्डी यांचा ब्लॅकमेल करणारा मिलव्हर्टन पाहून किळस येते, आणि माहिती काढण्यासाठी मोलकरणीशी प्रेमाचं नाटक करताना होम्सला स्वतःचीच लाज वाटते, हे कथेत नसलेलं दुःख त्या चित्रपटाने शोधून काढलं.

शेवटच्या काळातले भाग पाहताना ब्रेट यांच्याबद्दल थोडं माहीत असू द्या. १९८५ मध्ये त्यांची पत्नी जोन विल्सन कर्करोगाने गेली. त्यानंतर त्यांचा मनोविकार उफाळून आला, रुग्णालयात राहावं लागलं. त्यावर लिथियम हे औषध सुरू झालं, हृदय आधीपासून कमजोर. १९९० नंतरच्या भागांत अंग सुजलेलं दिसतं, धाप लागते, तो तलवारीसारखा होम्स उरत नाही. १९९४ च्या ‘द मॅझरिन स्टोन’मध्ये ते इतके आजारी होते की होम्सचं काम चार्ल्स ग्रे यांच्या मायक्रॉफ्टला, म्हणजे होम्सच्या भावाला, करावं लागलं. त्या भागात ‘द थ्री गॅरिडेब्ज’ ही कथाही मिसळली आहे. वॉटसनला गोळी लागते आणि होम्सचं त्याच्यावरचं प्रेम आयुष्यात एकदा उघड होतं, ते त्या कथेत. ब्रेट आणि हार्डविक यांनी तो प्रसंग एकत्र केला असता तर काय झालं असतं, या विचाराने मला अजूनही हळहळ वाटते. ब्रेट १२ सप्टेंबर १९९५ रोजी गेले, ६१ वर्षांचे होते.

तर क्रम असा धरा. ‘अ स्कँडल इन बोहेमिया’ने सुरुवात, मग ‘द स्पेकल्ड बँड’ आणि ‘द ब्लू कार्बंकल’. त्यानंतर ‘द रेड-हेडेड लीग’, ‘द फायनल प्रॉब्लेम’ आणि ‘द एम्प्टी हाउस’ हे तीन लागोपाठ, शक्यतो एकाच आठवड्यात. मग ‘द अ‍ॅबी ग्रेंज’, ‘द मसग्रेव्ह रिच्युअल’, ‘द सेकंड स्टेन’, ‘द डेव्हिल्स फूट’. मोठ्यांपैकी ‘द साइन ऑफ फोर’ आणि ‘द मास्टर ब्लॅकमेलर’. एवढं आवडलं तर बाकीचे आपोआप पाहाल, आणि ‘हाउंड’ही तेव्हा पुन्हा लावा. १९९३ चे ते दोन चित्रपट सोडले तरी चालतील.

प्रत्येक भागाआधी मूळ कथा वाचा, मराठीत असेल तर मराठीत, पण संक्षिप्त आवृत्ती नको. मुलांसाठी कापलेल्या ज्या आवृत्त्या माझ्या वाचनात आल्या त्यांत वॉटसनचीच वाक्यं आधी गाळलेली होती. आणि एखादा भाग फार आवडला तर तो दुसऱ्यांदा पाहताना होम्सकडे अजिबात बघू नका. होम्स बोलत असताना बर्क किंवा हार्डविक काय करतात, एवढंच बघा. ‘द अ‍ॅबी ग्रेंज’ यासाठी सर्वांत चांगला.